कॅलिफोर्नियाचा एआय कायदा वाचायचा कसा? नवख्या वाचकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

अमेरिकेच्या संसदेने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अद्याप एकही सर्वंकष कायदा केलेला नाही. ती पोकळी राज्यांनी आपापल्या विधिमंडळांतून भरायला घेतली आणि त्यांत कॅलिफोर्निया सर्वांत पुढे आहे, कारण ज्या कंपन्यांवर नियंत्रण ठेवायचे त्यांतल्या बहुतेक तिथेच आहेत. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यात नोकरी-धंदा करणाऱ्या मराठी माणसांची संख्या मोठी आहे आणि पुण्या-मुंबईत बसून तिथल्या ग्राहकांसाठी काम करणारेही पुष्कळ आहेत. या सर्वांना कधी ना कधी एकच प्रश्न पडतो: ‘हा कायदा मला लागू होतो का?’ बातमीच्या मथळ्यावरून त्याचे उत्तर मिळत नाही. कायद्याचा मूळ मजकूर वाचावा लागतो आणि तो वाचण्याची एक पद्धत आहे. वकील नसलेल्या पण चिकाटीने वाचण्याची तयारी असलेल्या माणसासाठी ती पद्धत इथे क्रमाने मांडली आहे. उदाहरणासाठी मुख्यतः कॅलिफोर्नियाचा ‘एसबी ५३’ हा कायदा घेतला आहे; अतिप्रगत एआय मॉडेल, म्हणजे चॅटबॉटसारख्या साधनांमागच्या प्रशिक्षित प्रणाली, यांच्या मोठ्या धोक्यांविषयी तो आहे.

पायरी १ : हातातला कागद कायदा आहे की धोरण, हे आधी ठरवा

मंत्रिमंडळाने मंजूर केलेले धोरण, खात्याचे परिपत्रक, गव्हर्नरचा आदेश आणि विधिमंडळाने संमत केलेला कायदा या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये शेतीसाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. सरकार स्वतः काय करणार, पैसा कुठे लावणार, हे अशा धोरणात सांगितलेले असते. विधिमंडळाने केलेला तो कायदा नव्हे. खासगी कंपनीवर बंधन घालायचे आणि ते मोडल्यास दंड वसूल करायचा, तर त्यासाठी विधेयक मांडून ते दोन्ही सभागृहांत संमत करून घ्यावे लागते. शासन निर्णय आणि अधिनियम यांतला फरक मराठी वाचकाला ठाऊक असतोच; तोच चष्मा इथेही लावावा.

कॅलिफोर्नियात विधेयक सिनेटमध्ये मांडले गेले असेल तर त्याच्या क्रमांकाआधी ‘एसबी’ लागते आणि असेंब्लीत मांडले गेले असेल तर ‘एबी’. सिनेटमध्ये ४० आणि असेंब्लीत ८० सदस्य असतात. क्रमांक दर दोन वर्षांच्या सत्रानंतर पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळे नुसता क्रमांक पुरत नाही, वर्षही टिपून ठेवावे लागते. २०२५ चा एसबी ५३ आणि दहा वर्षांपूर्वीचा एसबी ५३ यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

पायरी २ : मूळ मजकूर मिळवा आणि काट मारलेले शब्दही वाचा

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाचे माहितीचे संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. क्रमांक आणि सत्र टाकले की विधेयकाचा पूर्ण मजकूर, त्याच्या सर्व आवृत्त्या, समित्यांनी केलेले विश्लेषण आणि कोणी कसे मत दिले याची नोंद एकाच ठिकाणी मिळते. मजकुराच्या वरच्या भागात विधिमंडळाच्या वकिलांनी लिहिलेला सारांश असतो. आज कायदा काय आहे आणि हे विधेयक त्यात काय बदलणार, हे त्यात सरळ सांगितलेले असते. नवख्याने सुरुवात तिथून करावी, मात्र तिथेच थांबू नये, कारण सारांश म्हणजे कायदा नव्हे.

दुरुस्ती झालेल्या आवृत्तीत नवे शब्द तिरप्या अक्षरांत छापतात आणि वगळलेल्या शब्दांवर काट मारलेली असते. हे काट मारलेले शब्द मी नेहमी आधी वाचतो, कारण खरी ओढाताण कुठे झाली ते त्यांतच दिसते. एसबी ५३ च्या आधीचे, २०२४ मधले एसबी १०४७ हे विधेयक पाहा. सिनेटर स्कॉट वीनर यांनी ते मांडले होते. त्याच्या मूळ मसुद्यात कंपनीने आपल्या मॉडेलच्या सुरक्षिततेबद्दल ‘वाजवी हमी’ द्यावी, अशी अपेक्षा होती. ऑगस्ट २०२४ मध्ये असेंब्लीच्या वित्तीय समितीतून विधेयक बाहेर पडले तेव्हा तिथे ‘वाजवी काळजी’ घ्यावी, असे शब्द आले होते. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. परंतु हमी दिली की अपघात होताच हमी मोडली असे म्हणता येते. काळजीचे तसे नसते. त्या धंद्यातल्या समंजस माणसाने जेवढी घेतली असती तेवढी काळजी घेतली होती, हे दाखवले की कंपनीची बाजू न्यायालयात बऱ्यापैकी सावरते. त्याच फेरीत नव्या स्वतंत्र नियामक विभागाची तरतूद गळाली आणि खोट्या शपथेबद्दलची फौजदारी शिक्षाही गेली. या दुरुस्त्यांची बातमी तेव्हा चार ओळींत आटोपली, पण विधेयकाचा स्वभाव त्यांनीच बदलला.

पायरी ३ : व्याख्यांवर सर्वांत जास्त वेळ द्या

बहुतेक वाचक व्याख्यांचे कलम ओलांडून थेट दंडाकडे जातात. माझा आग्रह नेमका उलटा आहे. कायदा कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हे व्याख्यांतच ठरते. आपण आत आहोत की बाहेर हे कळण्याआधी दंडाचे कलम वाचण्यात अर्थ नाही.

एसबी ५३ मध्ये तीन व्याख्या एकीवर एक रचलेल्या आहेत. पहिली ‘फ्रंटियर मॉडेल’ची. ज्या पायाभूत मॉडेलच्या (अनेक कामांना आधार देणाऱ्या मूळ मॉडेलच्या) प्रशिक्षणासाठी १० चा २६ वा घात, म्हणजे १ वर २६ शून्ये, यापेक्षा अधिक गणितक्रिया खर्च झाल्या ते फ्रंटियर मॉडेल. मूळ प्रशिक्षणाबरोबर नंतरच्या फाइन-ट्यूनिंगसारख्या (तयार मॉडेलला खास कामासाठी दिलेल्या पुढच्या प्रशिक्षणासारख्या) बदलांना लागलेली गणनाशक्तीही या हिशोबात धरतात. दुसरी व्याख्या ‘फ्रंटियर डेव्हलपर’ची. असे मॉडेल ज्याने घडवले किंवा घडवायला सुरुवात केली तो यात येतो; सुरुवात केल्यावर तेवढी गणनाशक्ती प्रत्यक्ष वापरून झालेली नसली, पण वापरायचा इरादा असला तरीही येतो. तिसरी ‘मोठ्या’ फ्रंटियर डेव्हलपरची. आपल्या संलग्न कंपन्यांसह ज्याचे आधल्या वर्षीचे एकूण उत्पन्न ५० कोटी डॉलरपेक्षा जास्त होते तो मोठा. कायद्यातली सर्वांत जड कामे या तिसऱ्या वर्तुळातल्या मोजक्या कंपन्यांच्या वाट्याला येतात.

याच कलमात ‘महाआपत्तीचा धोका’ कशाला म्हणायचे तेही सांगितले आहे. एकाच घटनेत ५० पेक्षा अधिक माणसे दगावण्यात किंवा गंभीर जखमी होण्यात, किंवा १०० कोटी डॉलरपेक्षा अधिक मालमत्तेच्या नुकसानीत, मॉडेलचा ठोस हातभार लागेल असा आधी दिसू शकणारा धोका, असा त्याचा आशय आहे. त्याचे मार्गही नेमून दिले आहेत: रासायनिक, जैविक, किरणोत्सारी किंवा अण्वस्त्र बनवायला तज्ज्ञाच्या तोडीची मदत, माणसाच्या अर्थपूर्ण देखरेखीविना केलेला सायबर हल्ला किंवा गंभीर गुन्ह्यासारखे कृत्य, आणि निर्मात्याच्या किंवा वापरकर्त्याच्या ताब्यातून निसटणे. चॅटबॉटने चुकीचे उत्तर दिले, कुणाचा अर्ज अन्यायाने फेटाळला, कुणाच्या आवाजाची नक्कल केली, हे सगळे खरे प्रश्न आहेत, पण या कायद्याच्या कक्षेत ते बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे कायदे शोधावे लागतात.

पायरी ४ : स्वतःला व्याख्येच्या चाळणीत घालून पाहा

समजा, सनीव्हेलमधल्या दोन मराठी अभियंत्यांनी तिथल्या मुलांना मराठी बोलायला शिकवणारे एक ॲप तयार केले. पायाभूत मॉडेल त्यांनी एका मोठ्या कंपनीकडून भाड्याने घेतले, त्यावर मराठी संवादांचे फाइन-ट्यूनिंग केले आणि ‘आजी’ नावाचे एक पात्र घडवले. मूल रोज शाळेतून आले की या आजीशी गप्पा मारते आणि काल काय बोलणे झाले ते आजीच्या लक्षात असते.

एसबी ५३ त्यांना लागू होतो का? नाही. त्यांनी स्वतः वापरलेली गणनाशक्ती २६ शून्यांच्या आसपासही पोहोचत नाही, म्हणून ‘फ्रंटियर डेव्हलपर’च्या व्याख्येतच ते बाहेर पडतात. पण एवढ्यावर सुटकेचा निःश्वास टाकणे चुकीचे ठरेल. १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला एबी २०१३ हा कायदा मजकूर, चित्रे, आवाज असे काही निर्माण करणाऱ्या एआय प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी कोणता विदा (डेटा) वापरला याचा गोषवारा संकेतस्थळावर जाहीर करायला सांगतो, आणि प्रणालीत भरीव बदल करणाऱ्यालाही तो ‘डेव्हलपर’ मानतो. फाइन-ट्यूनिंगचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हे दोघे मित्र इथे आत आले. त्याच दिवसापासून लागू झालेला एसबी २४३ हा सोबती चॅटबॉटविषयीचा कायदा आहे. माणसासारखी उत्तरे देणारी, वापरकर्त्याची भावनिक-सामाजिक गरज भागवू शकणारी आणि अनेक संभाषणांमधून नाते टिकवू शकणारी प्रणाली त्यात येते. केवळ ग्राहकसेवेसाठी असलेला बॉट येत नाही. कालचे बोलणे लक्षात ठेवणारी ‘आजी’ या व्याख्येच्या उंबरठ्यावर उभी आहे. ती आत धरली गेली, तर वापरणारे मूल अल्पवयीन आहे हे ठाऊक असताना ‘हा माणूस नाही, आता थोडी विश्रांती घे’ अशी आठवण निदान दर तीन तासांनी द्यावी लागेल. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्यासाठी मदतीच्या सेवेपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्थाही ठेवावी लागेल.

एका छोट्या ॲपला तीन कायदे लावून पाहिले आणि तीन वेगळी उत्तरे आली. ‘एआयचा कायदा’ असे एकवचन वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. अशा उंबरठ्यावरच्या बाबतीत मात्र स्वतः निष्कर्ष न काढता तिथल्या परवानाधारक वकिलाचा सल्ला घ्यावा.

पायरी ५ : कायदा काय करायला सांगतो ते क्रियापदांवरून ओळखा

कायद्यातली क्रियापदे अधोरेखित केली की त्याचा प्रकार कळतो. एसबी ५३ मधली मुख्य क्रियापदे आहेत ‘लिहा’, ‘जाहीर करा’, ‘कळवा’. मॉडेल बाजारात आणण्यापूर्वी सरकारचा परवाना घ्या, असे तो कुठेही म्हणत नाही. मोठ्या डेव्हलपरने महाआपत्तीच्या धोक्याचे मूल्यमापन कसे करणार याचा लेखी आराखडा संकेतस्थळावर ठेवायचा आणि वर्षातून एकदा तरी तो तपासायचा. त्यात महत्त्वाचा बदल केला तर ३० दिवसांत कारणांसह तो बदल प्रसिद्ध करायचा. नवे मॉडेल आणताना पारदर्शकता अहवाल द्यायचा. गंभीर सुरक्षा-घटना घडली तर राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला १५ दिवसांत कळवायचे, आणि मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा धोका डोक्यावर येऊन ठेपला असेल तर २४ तासांच्या आत संबंधित यंत्रणेला सांगायचे. भूकंप आणि वणव्यांच्या वेळी धावणारे जे कार्यालय, त्याच्याकडेच एआयच्या घटनांची नोंद सोपवली आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते.

जागल्यांचे संरक्षण हा या कायद्याचा माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे. धोक्याबद्दल तोंड उघडणाऱ्या संबंधित कर्मचाऱ्यावर सूड उगवता येत नाही आणि मोठ्या कंपनीला निनावी तक्रारीची अंतर्गत सोय ठेवावी लागते. बाहेरच्या निरीक्षकाला जे वर्षभर दिसणार नाही ते आत काम करणाऱ्याला पहिल्या आठवड्यात दिसते. व्हिसावर काम करणाऱ्या भारतीय अभियंत्याला नोकरी गमावण्याची धास्ती इतरांपेक्षा जास्त असते. त्याने हे कलम नुसते ऐकून न सोडता स्वतः वाचलेले असावे, आणि ते नेमके कोणत्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना लागू आहे हेही बारकाईने पाहिलेले असावे.

पायरी ६ : कारवाई कोण करू शकतो ते शोधा

एसबी ५३ खाली दर उल्लंघनाला १० लाख डॉलरपर्यंत दिवाणी दंड होऊ शकतो, परंतु त्यासाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार राज्याच्या ॲटर्नी जनरलचा, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचा आहे. एसबी २४३ मध्ये मात्र ज्याला इजा पोहोचली तो नागरिक स्वतः दावा लावू शकतो आणि प्रत्यक्ष नुकसान किंवा दर उल्लंघनामागे १,००० डॉलर, यांतली जी रक्कम मोठी असेल ती मागू शकतो. आकड्यांवरून पहिला कायदा कडक वाटतो. प्रत्यक्षात दावे लावणारे हजारो हात असलेला दुसरा कायदा छोट्या कंपनीला अधिक जाचू शकतो. दंडाची रक्कम वाचताना ती मागणारा कोण, हा शब्द शेजारी लिहून ठेवावा.

पायरी ७ : विधेयक कोणत्या वाटेने आले ते तपासा

समिती, मूळ सभागृह, दुसरे सभागृह, दुरुस्त्यांना मूळ सभागृहाची मान्यता आणि शेवटी गव्हर्नर, अशी ही वाट आहे. तिच्यात दोन अवघड वळणे आहेत. पहिले वित्तीय समितीचे. राज्याच्या तिजोरीवर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बोजा टाकणारी विधेयके तिथे बाजूला ठेवतात आणि पुढे एकाच दिवशी शेकडो विधेयकांचा निकाल भराभर वाचून दाखवतात. अडकलेले विधेयक का अडकले याचे कारण बहुधा सांगितले जात नाही. आपण एखाद्या विधेयकावर लक्ष ठेवून असाल तर मे आणि ऑगस्ट महिन्यांतले हे दिवस चुकवू नका. शेवटच्या दिवसांत घाईने मजकूर बदलला जातो, म्हणून २०१६ च्या जनमतानंतर अंतिम मतदानापूर्वी ७२ तास मजकूर प्रसिद्ध असणे बंधनकारक झाले आहे. तेवढे तीन दिवस वाचकाच्या हातात असतात.

दुसरे वळण गव्हर्नरचे, आणि मराठी वाचकाची गल्लत इथेच होते. आपला राज्यपाल केंद्राकडून नेमलेला असतो आणि साधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला सरकारप्रमुख आहे, म्हणजे जागेने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो, आणि वर नकाराधिकारही त्याच्याच हातात असतो. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते मिळवून तो नकार उलटवता येतो खरा, पण गेल्या चार दशकांत तसे घडलेले नाही.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एसबी १०४७ नाकारले. हे विधेयक मॉडेलचा आकार आणि खर्च पाहते, ते कुठे आणि कशासाठी वापरले जाते ते पाहत नाही, आणि लहान मॉडेलही तितकेच घातक ठरू शकते, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. त्यानंतर त्यांनी फेई-फेई ली, मारियानो-फ्लोरेंतिनो कुएयार आणि जेनिफर टूर चेज या तज्ज्ञांच्या नेतृत्वाखाली अभ्यासगट नेमला आणि त्याचा अंतिम अहवाल जून २०२५ मध्ये आला. वीनर यांनी त्या अहवालाच्या दिशेने एसबी ५३ ला आकार दिला आणि बरोबर एक वर्षाने, २९ सप्टेंबर २०२५ रोजी, त्याच गव्हर्नरने त्यावर सही केली. नकाराचे पत्र हा पुढच्या कायद्याचा कच्चा मसुदा असतो, म्हणून ते पत्र अवश्य वाचावे.

न्यूसम यांचा आक्षेप मला अर्धा पटतो. वापरावर आधारलेला कायदा कसा असतो ते पाहायचे तर कोलोरॅडोचा एसबी २४-२०५ (२०२४ मध्ये संमत झाला त्या रूपात) घ्यावा. नोकरी, शिक्षण, कर्ज, घर, विमा, आरोग्य अशा आयुष्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयांत एआयचा भरीव वाटा असेल तर भेदभाव टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, असे तो बनवणाऱ्यालाही सांगतो आणि वापरणाऱ्यालाही. सामान्य माणसाच्या जगण्याला तो अधिक भिडतो यात शंका नाही. पण त्याच्या वर्तुळात हजारो मालक, बँका आणि दवाखाने येतात, आणि म्हणूनच त्याची अंमलबजावणी जड जाते. गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी मे २०२४ मध्ये सही करतानाच शंका व्यक्त केल्या होत्या. १ फेब्रुवारी २०२६ ही मूळ तारीख ऑगस्ट २०२५ च्या विशेष अधिवेशनात ३० जून २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. शून्ये मोजणे ढोबळ असले तरी सोपे असते, माणसावर झालेला परिणाम मोजणे न्याय्य असले तरी कठीण असते, आणि दोन्ही राज्ये आपापल्या बाजूने याच अडचणीशी झगडत आहेत.

पायरी ८ : सही झाली म्हणजे कायदा टिकला असे धरू नका

कॅलिफोर्नियात सामान्यतः नवा कायदा पुढच्या १ जानेवारीला लागू होतो. तातडीचे कायदे लगेच लागू होतात आणि न्यायालयात अडखळूही शकतात. निवडणुकीतल्या बनावट चित्रफितींविषयीच्या एबी २८३९ वर सप्टेंबर २०२४ मध्ये सही झाली आणि पुढच्याच महिन्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर संघराज्याच्या न्यायालयाने त्याची अंमलबजावणी बहुतांशी रोखली.

वॉशिंग्टनकडूनही ताण आहे. राज्यांच्या एआय कायद्यांना दहा वर्षे मज्जाव करण्याची तरतूद अमेरिकी संसदेच्या सिनेटने १ जुलै २०२५ रोजी ९९ विरुद्ध १ मतांनी वगळली. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अशा कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यासाठी कृतिगट उभारण्याचा आदेश काढला. अशा आदेशाने राज्याचा कायदा आपोआप रद्द होत नाही, त्यासाठी संसदेचा कायदा किंवा न्यायालयाचा निकाल लागतो. तेव्हा ‘ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाचा कायदा उडवला’ असा निरोप गटावर फिरला, तर तो पुढे पाठवण्याआधी निकालाची प्रत मागावी.

पायरी ९ : तारखा लिहून ठेवा आणि आपले म्हणणे कळवा

समितीपुढे विधेयक येण्याआधी कोणीही लेखी पाठिंबा किंवा विरोध नोंदवू शकतो. पत्र एका पानाचे असावे, त्यात कलमाचा क्रमांक द्यावा, कोणता शब्द अडचणीचा आहे ते दाखवावे आणि त्या जागी कोणता शब्द हवा तेही सुचवावे. समितीचे कर्मचारी विश्लेषण लिहिताना अशा नेमक्या पत्रांची दखल घेतात. भावनिक आवाहनांच्या गठ्ठ्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही. ‘आजी’ बनवणाऱ्या दोघांनी भाषा शिकवणाऱ्या ॲपला सोबती चॅटबॉटच्या व्याख्येत स्पष्ट जागा किंवा स्पष्ट सूट मागणारे पत्र लिहिले, तर ते त्यांच्या कामाचेच होईल.

दिनदर्शिकेत एक नोंद नक्की करावी. १ जानेवारी २०२७ पासून आपत्कालीन सेवा कार्यालयाने सुरक्षा-घटनांचा, नावे व गुपिते वगळून, वार्षिक अहवाल द्यायचा आहे, आणि फ्रंटियर मॉडेल व डेव्हलपर यांच्या व्याख्या कालबाह्य झाल्या आहेत का हे राज्याच्या तंत्रज्ञान विभागाने दर वर्षी तपासून विधिमंडळाला कळवायचे आहे. २६ शून्यांची रेषा सरकायची असेल तर तिची पहिली खूण त्याच शिफारशींत दिसेल. तो अहवाल हाती आला की तिसऱ्या पायरीवर परत जावे आणि स्वतःला पुन्हा एकदा चाळणीत घालून पाहावे.